फुटके मोजायचे नाहीत

कॉलेजात एकतीस वर्षं ते नुसते 'ए घाग' होते. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर. काचा धुवायच्या, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या झाडून काढायच्या आणि रोज सकाळी दहाला गच्चीवर चढून परागकणांच्या सापळ्यातली काच बदलायची. त्यांचे श्रीपादराव झाले ते रिटायर झाल्यावर, आणि तेही वर्तकनगरच्या सोसायटीतल्या एका फळ्यामुळे.

फळा जिन्याखाली, पाण्याच्या वेळांच्या कागदाशेजारी. त्यावर रोज साडेअकराला खडूने लिहिलेलं असायचं, 'आज हवेतले परागकण: मध्यम. दमेकऱ्यांनी दुपारी बाहेर पडू नये.' खाली लफ्फेदार सही, तारखेसकट. पहिली दोन वर्षं लोकांनी यथेच्छ टिंगल केली. तळमजल्यावरचा गोविंदा तर वाण्याच्या दुकानात सगळ्यांसमोर विचारायचा, "काय घागकाका, आज कुणाच्या नाकात किती?" मग करोना आला, माणसं श्वासाला घाबरायला शिकली आणि त्याच गोविंदाची बायको सकाळी दार वाजवून विचारायला लागली, "काका, पोराला खाली सोडू का?" श्रीपादराव चष्मा कपाळावर चढवायचे, उगाच थोडा वेळ घ्यायचे आणि सांगायचे, "सोडा. पण चारच्या आत वर घ्या." त्या दिवशी त्यांना पोळी एक जास्त जायची.

सोसायटीच्या गच्चीवरचा सापळा त्यांनी स्वतः केलेला. स्टीलची दोन ताटं, एकावर एक, वीतभर अंतर ठेवून खिळवलेली. मधे व्हॅसलीन फासलेली काच. वरचं ताट पाऊस अडवायचं, मधून वारा जायचा आणि वाऱ्यात जे काही असेल ते काचेला चिकटायचं. ताटं बायकोच्या, विमलाबाईंच्या रुखवतातली. त्या जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण ताटाच्या कडेला कोरलेलं 'सौ. विमल' अजून वाचता यायचं.

काच खाली आणायची, तिच्यावर गुलाबी रंगाचा थेंब सोडायचा, कॉलेजने भंगारात काढलेल्या मायक्रोस्कोपखाली ती सरकवायची आणि मोजायचं. गवताचा दाणा गोल, एका भोकाचा. गाजरगवताचा काटेरी. सुरूचा तिकोनी. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. शिकवला होता तो एकच नियम, विभागप्रमुख मॅडमनी, पहिल्या आठवड्यात. "घाग, फक्त अख्खा दाणा मोजायचा. फुटका मोजायचा नाही. फुटका कुणाचा ते सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही तो कचरा." त्या मॅडमचे पुढे पेपर छापून आले, सत्कार झाले, कुठल्याही कागदावर घागांचं नाव नव्हतं. त्याचा त्यांना राग होता. पण नियम त्यांनी कधी मोडला नाही. उलट नव्या पोरांना तोच नियम ते मॅडमपेक्षा ठसक्यात सांगायचे.

हवामानाचा त्यांचा अभ्यास मात्र पक्का होता. पहाटे दव असलं की पराग खाली बसलेला. दहाला ऊन चढलं की गवताच्या तुऱ्यांतून सुटणार. येऊरच्या डोंगराकडून कोरडा वारा आला की आकडा तिप्पट. ढगाळ, दमट दिवशी निम्मा. आणि पाऊस पडला की हवा धुतलेली, आकडा दहाच्या खाली. हे शेवटचं त्यांचं फार लाडकं. "पाऊस म्हणजे देवाने मारलेला पोछा," असं ते कुणालाही ऐकवायचे.

मुलगा सुशांत डोंबिवलीला राहायचा आणि बापाशी कामापुरतं बोलायचा. त्याचं कारण सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. विमलाबाई दम्याने गेल्या, चौदा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात. त्या संध्याकाळी त्यांचा श्वासाचा पंप संपला होता. बावीस वर्षांचा सुशांत तो आणायला गेला आणि विजांचा पाऊस लागला म्हणून औषधाच्या दुकानाच्या छपराखाली अर्धा तास थांबला. तो आला तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते. तिसऱ्या दिवशी श्रीपादराव सुतक बाजूला ठेवून कॉलेजात गेले, त्या संध्याकाळची काच त्यांनी स्वतः वाचली आणि तेराव्याला जमलेल्या माणसांसमोर आकडा सांगितला. "सात. अख्ख्या दिवसात सात दाणे. हवेत काहीही नव्हतं. पंप वेळेवर आला असता तर ती आज असती." सुशांत पंगतीत वरण वाढत होता. त्याने बादली तिथेच खाली ठेवली आणि तो बाहेर निघून गेला. त्यानंतर बापलेकांत जे बोलणं व्हायचं ते गॅसचा नंबर आणि गावच्या घराची कौलं, एवढंच.

सून योगिनी नंतर घरात आली. तिचा सासऱ्यांवर विश्वास होता, आणि त्याला कारण होतं. आठ वर्षांच्या सान्वीला आजीचा दमा आला होता. नाक, डोळे आणि दमा, तिन्ही आजीचे. योगिनी ठाण्यात बँकेत होती. ज्या शनिवारी बँक चालू असेल त्या शनिवारी ती सान्वीला वर्तकनगरला सोडून जायची. सुशांतला ते पसंत नव्हतं. "त्यांच्या फळ्यावर काय माझी पोरगी सोडतेस?" असं तो म्हणायचा. योगिनी म्हणायची, "अरे, निदान कुणीतरी बघतंय ना हवेत काय आहे ते. डोंबिवलीत तर नुसता कंपन्यांचा वास येतो, बाकी कोण सांगतं?" रोज साडेअकराला श्रीपादरावांचा मेसेज तिला जायचा आणि तो बघून ती शाळेला फोन करायची, आज पीटीला सोडा किंवा सोडू नका. फळ्यावर सोसायटी विसंबून होती याचा त्यांना अभिमान होता. या मेसेजवर सान्वी विसंबून होती, याचं त्यांना सुख होतं.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी कोपरीची मनुबाई मासळीची पाटी घेऊन आली. गेली वीस वर्षं श्रीपादरावांना मांदेली तीच द्यायची. तीन दिवस कोरडा वारा होता, मागच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गवत तुऱ्यावर आलं होतं आणि आकडा दोनशेच्या वर गेला होता. तीन दिवस सान्वी डोंबिवलीच्या घरात खिडक्या लावून बसलेली. आज पहाटेपासून वारा पडून हवा दमट झाली होती आणि दुपारनंतर पाऊस सांगितला होता, म्हणून श्रीपादराव खुशीत होते. सान्वी दारातच चप्पल घालून उभी होती.

मनुबाईने पाटी उतरवली आणि आभाळाकडे बघितलं. "आज गाजनार हाय. पोरीला घरान ठेव हां दादा."

"का? पाऊस पडला की उलट बरं. हवा स्वच्छ."

"पाऊस वेगला, आनि गाजनारा पाऊस वेगला. माजे सासूला दमा व्हता. आभाल गाजाला लागला का ती दारा-खिडक्या लावून तोंडाव पदर घेवून बसाची. म्हनाची, ईज हवा फोडते."

श्रीपादराव मोठ्याने हसले. "वीज हवा फोडते! मनुबाई, कॉलेजात एकतीस वर्षं मोजलंय मी. वहीत कुठे नाही तसं."

"वहीन नसल," मनुबाई म्हणाली आणि मांदेली मोजायला लागली.

साडेअकराला त्यांनी फळ्यावर 'आज: कमी' लिहिलं आणि योगिनीला मेसेज केला, 'दुपारनंतर पाऊस. परागकण कमी होणार. सान्वी खेळायला हरकत नाही.' तिने अंगठा पाठवला.

साडेचारला येऊरच्या बाजूने आभाळ काळं झालं. खाली मुलं खेळत होती. श्रीपादरावांनी जिन्यातून हाक मारली, "सान्वी, चल, काच काढायला." हे त्यांचं नेहमीचं. पाऊस तिरपा आला की काच धुऊन निघते आणि दिवस फुकट जातो, म्हणून पावसाच्या आधी काच उतरवायची, झड सरली की परत लावायची. सान्वीला काचेची लाकडी पेटी धरायचा मान होता. ती जिना धावतच चढली.

ते गच्चीवर पोचले तेव्हा वारा अंगावर आला. मागच्या प्लॉटवरून धूळ, वाळकी पानं, गवताचे तुरे, सगळं उचलून तो गच्चीवर आपटत होता. वीज कडाडली आणि टपोरे थेंब सुरू झाले. श्रीपादरावांनी काच काढून पेटीत घातली आणि ते दोघं टाकीच्या छपराखाली उभे राहिले. खरं तर खाली जाता आलं असतं. पण तीन दिवस कोंडलेल्या पोरीच्या तोंडावर एवढा आनंद होता की त्यांनाच निघवेना.

"आजोबा, आता पराग सगळा खाली पडला ना?"

"पडला म्हणजे! आता हवा एकदम धुतलेली. घे, पोटभर श्वास घे."

तिने घेतला. दोन्ही हात पसरून, डोळे मिटून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे पोटभर. एकदा नाही, पाच-सहा वेळा.

दहा मिनिटांत ती खोकायला लागली. त्यांना वाटलं, गारठा लागला. खाली आणून त्यांनी तिचं डोकं पुसलं. खोकला थांबेना, मग छातीतून शिटी वाजायला लागली. ती त्यांना ओळखीची होती. पंप दप्तरातच होता. त्यांनी दोनदा मारला. पाच मिनिटांनी आणखी दोनदा. सान्वी गुडघ्यांवर हात टेकून बसली होती, मानेखाली खळगा पडत होता आणि ती एकेक शब्द तोडत म्हणाली, "आजोबा... हवा... आत... जात नाहीये." गोविंदाने पावसात रिक्षा आणली. हॉस्पिटल पाच मिनिटांवर होतं. ती पाच मिनिटं श्रीपादराव तिच्या पाठीवरून हात फिरवत "झालं, आलंच, आलंच," म्हणत होते, आणि तिचे ओठ बघायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं.

तिला आत घेतलं. बाहेरच्या बाकांवर आणखी माणसं होती, सगळी धापा टाकणारी किंवा धापा टाकणाऱ्यांना घेऊन आलेली. योगिनी बँकेतून आली, मग डोंबिवलीहून सुशांत, पार भिजून. तासाभराने डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, दमलेल्या होत्या.

"सध्या धोका नाही, पण दोन-तीन दिवस ठेवावं लागेल. पाऊस सुरू होताना ती बाहेर होती का?"

"गच्चीवर," श्रीपादराव म्हणाले. "पण आज पराग कमी होता. मी मोजतो रोज. पावसाने..."

"काका, विजांच्या पावसात पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट. गवताचा पराग ओला होऊन फुटतो, त्याचा बारीक भुगा वारा खाली आणतो. अख्खा दाणा नाकात अडकतो, भुगा थेट छातीत जातो. पाच वाजल्यापासून माझ्याकडे अकरा पेशंट आलेत."

सुशांतने विचारलं, "पंप नव्हता का जवळ?"

"होता," श्रीपादराव म्हणाले. "चार वेळा दिला. लगेच दिला."

सुशांत बापाकडे बघत राहिला. योगिनी अगदी हळू म्हणाली, "बाबा, उद्यापासून मेसेज नका पाठवू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काच वाचली. वाचायची नव्हती, पण हाताला सवय होती. गुलाबी थेंब टाकला, काच सरकवली, मोजली. अख्खे दाणे नऊ. वहीत त्यांनी नऊ लिहिलं आणि मग पेन खाली ठेवून पुन्हा बघितलं. काचेवर सगळीकडे फुटकी टरफलं होती, चण्याच्या सालांसारखी, आणि त्यांच्या भोवती बारीक रव्यासारखे ठिपके. हे त्यांनी शेकडो वेळा बघितलं होतं. ते त्यांच्या नजरेला इतकं सरावाचं होतं की नजर त्यावरून घसरून पुढच्या अख्ख्या दाण्यावर जायची. आज पहिल्यांदा त्यांनी टरफलं मोजायला घेतली. चारशेवर काचेचा निम्मा भागही झाला नव्हता. ठिपके तर कुणाच्या बापाला मोजता आले नसते.

मग ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरून वह्या काढल्या. पक्की वही मॅडमकडे जायची, तिच्यात नुसते आकडे. कच्च्या वह्या घरी, आणि त्यांच्यात शेवटी शेऱ्याचा रकाना, जो त्यांनी स्वतःच्या हौसेने आखलेला. कुणी कधी वाचला नाही असा तो रकाना होता, आणि तो भरताना आपणही थोडे शास्त्रज्ञ आहोत असं त्यांना वाटायचं. दर ऑक्टोबर त्यांनी काढला. गडगडाट, तीनचा सुमार: आकडा आठ, फुटके बरेच. संध्याकाळी विजा: आकडा अकरा, फुटके फार, मोजले नाहीत. वर्षामागून वर्षं, त्यांच्याच सुरेख अक्षरात. मनुबाईची सासू जे पदर तोंडावर घेऊन सांगत होती ते सगळं वहीत होतं. वहीत कुठे नाही म्हणून तेच हसले होते.

चौदा वर्षांपूर्वीची वही त्यांनी शेवटी उघडली. ते पान कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. सात. शेरा: सायं. विजांचा पाऊस. फुटके अतिशय. मोजले नाहीत.

त्याखाली काही लिहिलं नव्हतं, पण बाकीचं त्यांना आठवत होतं. विमलाबाई त्या दुपारी चारला म्हणाल्या होत्या, "अहो, खिडकी लावा. वारं बरं नाही, छातीत भरतंय." आणि ते म्हणाले होते, "अगं, कालचा आकडा नऊ आहे. आता पाऊस येतोय, आणखी कमी होईल. नुसतं मनाचं आहे तुझ्या. उघडी राहू दे, हवा खा जरा." त्या उठून लावायला गेल्या तेव्हा त्यांनी हात धरून त्यांना परत खिडकीशीच बसवलं होतं. प्रेमाने. हे त्यांनी तेराव्याला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा वाटलंच नव्हतं, असं ते चौदा वर्षं स्वतःला सांगत आले होते. आज तेही जमेना.

तिसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून ते हॉस्पिटलात गेले. निघताना सोसायटीच्या जिन्यात गोविंदाच्या बायकोने अडवलं. "काका, फळा दोन दिवस कोरा आहे. पोराला सोडू का खाली?" ते उत्तर न देता उतरले. तिला वाटलं, नातीच्या काळजीत आहेत.

सुशांत खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता, दाढी वाढलेली. श्रीपादरावांनी शेजारी बसून वही त्याच्या हातात दिली, पान उघडून.

"आईच्या दिवसाची आहे. शेरा वाच."

त्याने वाचला. "फुटके म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते, मॅडमचा नियम, आणि खिडकी. हात धरून खिडकीशी बसवलं तेही त्यांनी सांगितलं. सुशांत बोट त्या ओळीवर ठेवून ऐकत होता.

"हे तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं. मोजत नव्हतो."

"आणि सान्वीला पंप दिला, तरी..."

"तरी. वेळेवर दिला, तरी. तुझा अर्धा तास..." ते थांबले. "तुझी चूक नव्हती रे. मी तुला उगाच..."

"आता नका सांगू, बाबा." सुशांतचा आवाज चढला नाही. "चौदा वर्षं मीच मारलंय तिला. योगिनीला लग्नाआधी मी तसंच सांगितलेलं. रोज मनात दुकानाच्या त्या छपराखाली जाऊन उभा राहतो मी, अजून. सवय झालीय मला त्याची. आता हे घेऊन मी काय करू?"

माफी मागायची असं श्रीपादराव रिक्षात ठरवून आले होते, पण माफी हा शब्द त्या बाकावर फार लहान वाटला आणि तो तोंडातून निघाला नाही.

सुशांतने वही मिटली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तो उठून खोलीत गेला. दार पूर्ण लागलं नाही. आतून सान्वीचा आवाज आला, बसलेला, पण शब्द न तोडता.

"पप्पा, आजोबा आले का?"

"नाही," सुशांत म्हणाला. "नाही आले."